ओली धावपट्टी आणि पंधरा टक्के

जुलैत मुंबईला उतरणाऱ्या विमानात हा प्रकार हमखास घडतो. विमान धाडकन टेकतं, डोक्यावरचे कप्पे खडखडतात, मागून कुणीतरी ‘कसला पायलट आहे!’ असं पुटपुटतं आणि तेवढ्यात ब्रेक लागून कमरेचा पट्टा पोटात रुततो. हाच पायलट मार्चमध्ये विमान टेकल्याचं कळूही देत नाही. मग पावसाळ्यात त्याचा हात बिघडतो का? नाही, तो धक्का बऱ्याचदा मुद्दाम दिलेला असतो. ओल्या धावपट्टीवर अलगद उतरणं हा गुण नाही. चाकं पाण्याचा थर फोडून खालच्या डांबराला भिडली पाहिजेत, लगेच फिरू लागली पाहिजेत आणि हे सगळं ठरलेल्या जागी झालं पाहिजे. कारण विमान थांबायला किती मीटर लागतील याचा आकडा पायलटने अर्ध्या तासापूर्वीच काढून ठेवलेला असतो. तो आकडा अलगद उतरण्याला गृहीत धरत नाही.

हा आकडा येतो कुठून?

मुळात असे दोन हिशेब असतात आणि ते एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो. पहिला हिशेब उड्डाणापूर्वीचा. विमान बनवणारी कंपनी प्रमाणपत्र मिळवताना लँडिंगचं अंतर सिद्ध करून दाखवते. त्यासाठी कोरडी, चांगली धावपट्टी निवडतात. कसलेला चाचणी-वैमानिक धावपट्टीचं टोक ५० फुटांवरून ओलांडतो, वेळ न दवडता विमान टेकवतो आणि ब्रेक मुळापर्यंत दाबतो. इंजिनांचा रिव्हर्स थ्रस्ट, म्हणजे विमान थांबवणारा उलटा जोर, यात धरत नाहीत. रोजच्या उड्डाणात, पाठीमागे दीडशे-दोनशे प्रवासी बसलेले असताना, असं कुणी उतरत नाही आणि उतरूही नये. म्हणून नियम असा, की हे अंतर उपलब्ध धावपट्टीच्या ६० टक्क्यांत बसलं पाहिजे. चाचणीत विमान १,००० मीटरमध्ये थांबलं असेल, तर निघताना किमान १,६६७ मीटरची धावपट्टी हिशेबात हवी. पोचण्याच्या वेळी ती ओली असण्याची शक्यता असेल, तर त्यावर आणखी १५ टक्के, म्हणजे सुमारे १,९१७ मीटर.

हा ओला आकडा वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. परंपरेने तो पाण्यावर विमान उतरवून मिळवलेला नसतो. कोरड्या आकड्याला दोनदा गुणलं की तो तयार होतो. बहुतेक वेळा तो पुरतो, कारण पहिल्या गुणाकारातच बरीच सैल जागा ठेवलेली असते. पण ती सैल जागा नेमकी कशासाठी ठेवली आहे, हे त्या आकड्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

दुसरा हिशेब हवेतला. विमान मुक्कामाच्या जवळ आलं की पायलट ताजं हवामान घेतात आणि टॅब्लेटवर किंवा पुस्तकातल्या तक्त्यावर पुन्हा अंतर काढतात. विमानाचं वजन, वारा, तापमान, फ्लॅप किती, ऑटोब्रेक कोणत्या पायरीवर आणि धावपट्टीची आत्ताची स्थिती, हे सगळं त्यात येतं. उत्तरावर १५ टक्के चढवायचे आणि उरलेली धावपट्टी पुरते का ते बघायचं. आज हे इतकं स्वाभाविक वाटतं, की पूर्वी त्याची सक्ती नव्हती हे खरं वाटत नाही. या दुसऱ्या हिशेबातल्या १५ टक्क्यांमागे एक अपघात आहे.

८ डिसेंबर २००५. शिकागोचं मिडवे विमानतळ, बाहेर बर्फ पडतोय. उतरण्यासाठी धावपट्टी जेमतेम १,७७६ मीटर. साउथवेस्ट एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ च्या पायलटांनी कॉकपिटमधल्या संगणकावर हिशेब केला. ब्रेकिंग ‘फेअर’ धरलं तर विमान थांबून ५६० फूट उरत होते. ‘पुअर’ धरलं तर ४० फूट, म्हणजे १२ मीटर. बोइंग ७३७ ची स्वतःची लांबीच त्याच्या जवळपास तिप्पट असते. शिवाय त्या चाळीस फुटांत दोन गोष्टी दडलेल्या होत्या. टेकताक्षणी रिव्हर्स थ्रस्ट मिळणार हे धरलेलं होतं, आणि ‘पुअर’साठी कंपनीची मर्यादा ५ नॉटची असल्यामुळे संगणकाने मागचा वारा ५ नॉटच धरला होता. खरा वारा सुमारे ८ नॉट होता. प्रत्यक्षात रिव्हर्स सुरू व्हायला टेकल्यापासून १८ सेकंद गेले. विमान कुंपण तोडून रस्त्यावर आलं आणि एका मोटारीत बसलेला सहा वर्षांचा मुलगा गेला. अमेरिकेच्या तपास मंडळाने दोष मुख्यतः रिव्हर्सच्या उशिरावर ठेवला. पुढच्या वर्षी तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाने सगळ्या कंपन्यांना आग्रहाने सुचवलं, की पोचताना पुन्हा हिशेब करा आणि त्यावर किमान १५ टक्के ठेवा.

आता एक हिशेब आपणच मांडून बघू. तो कोणत्याही खऱ्या विमानाचा नाही, ढोबळ आहे, पण त्याचा स्वभाव खराच आहे. विमान १४० नॉटने येतंय, म्हणजे सेकंदाला ७२ मीटर. धावपट्टीचं टोक ओलांडल्यापासून चाकं टेकेपर्यंत साधारण ७ सेकंद धरतात. चाकं जमिनीला लागायच्या आधीच ५०४ मीटर संपले. नंतर ओल्या पृष्ठभागावर वेग दर सेकंदाला २ मीटर प्रतिसेकंद या दराने कमी होतो असं समजू. शाळेतलं सूत्र लावलं, वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट, की १,२९६ मीटर मिळतात. बेरीज १,८००. पंधरा टक्के चढवले की २,०७०. समोर २,७०० मीटर असतील तर काळजी कसली?

आता मागून १० नॉट वारा येऊ द्या. जमिनीवरचा वेग सेकंदाला ७७ मीटर झाला. वेगाचा वर्ग होत असल्यामुळे धावण्याचं अंतर १,४८२ वर गेलं आणि एकूण २,०२१. बहुतेक पंधरा टक्के एकट्या वाऱ्याने खाल्ले. वरून विमान टेकायला चार सेकंद जास्त लागले, अंधारात आणि पावसात सहज लागतात, तर आणखी ३०८ मीटर गेले. २,३२९. अजून धावपट्टी शिल्लक आहे. पण पाणी वाटलं त्यापेक्षा जास्त निघालं आणि वेग २ ऐवजी दीडच्या दराने कमी झाला, तर उत्तर येतं २,८२३. धावपट्टी संपली. यातली एकही गोष्ट अचाट नव्हती. मला या विषयात सर्वात अस्वस्थ करणारी बाब हीच वाटते. गणित अगदी सरळ आहे, त्यात चूक होत नाही. चूक होते ती त्यात घातलेल्या आकड्यांत, आणि ते आकडे बहुधा सगळे एकाच दिशेने चुकतात, कारण ज्या ढगातून पाऊस येतो त्याच ढगातून फिरलेला वाराही येतो.

पाण्याने नेमकं काय बिघडतं? १९६०च्या दशकात ‘नासा’च्या लँगली केंद्रात वॉल्टर हॉर्न आणि सहकाऱ्यांनी टायर पाण्यावर कधी तरंगतो याचा छडा लावला. टायर पुढे सरकताना समोरचं पाणी बाजूला ढकलतो. वेग वाढला की पाण्याला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही, ते टायरखाली पाचरीसारखं घुसतं आणि टायर जमीन सोडतो. यालाच अ‍ॅक्वाप्लेनिंग म्हणतात. हॉर्नचं सूत्र विलक्षण सुटसुटीत आहे: टायरमधल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ, गुणिले नऊ. दाब पौंड प्रति चौरस इंचात घालायचा, उत्तर नॉटमध्ये येतं. विमानाचं वजन त्यात कुठेच नाही. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये ३२ पौंड हवा असेल तर उत्तर येतं सुमारे ५१ नॉट, म्हणजे ताशी ९४ किलोमीटर. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर भर पावसात शंभरने जाताना स्टिअरिंग अचानक हलकं झाल्यासारखं वाटतं, ते याच जागेच्या आसपास. विमानाच्या टायरमध्ये २०० पौंडांच्या आसपास हवा असते. उत्तर १२७ नॉट. विमान टेकतं १३०-१४० नॉटला. म्हणजे पाणी पुरेसं खोल असेल तर टेकण्याचा क्षण नेमका तरंगण्याच्या पट्ट्यात पडतो.

त्यातही एक खोच आहे. आधीपासून फिरत असलेलं चाक वेग वाढताना कधी तरंगेल, ते हे सूत्र सांगतं. टेकणारं चाक मात्र फिरत नसतं. पाण्यावर टेकून ते न फिरताच राहिलं, तर ते फिरू लागायला वेग बराच खाली यावा लागतो, नऊऐवजी ७.७ ने गुणलेल्या आकड्यापर्यंत, म्हणजे सुमारे १०९ नॉटपर्यंत. सुरुवातीचा तो धक्का यासाठी असतो.

चाक न फिरण्याची किंमत काय, हे १४ सप्टेंबर १९९३ ला वॉर्सात दिसलं. फ्रँकफर्टहून आलेलं लुफ्तान्साचं ए-३२० मुसळधार पावसात उतरत होतं. टॉवरने बाजूचा वारा आणि विंडशिअर, म्हणजे वाऱ्यातला अचानक बदल, सांगितल्यामुळे पायलटांनी नियमाप्रमाणे सुमारे २० नॉट जादा वेग ठेवला होता आणि विमान किंचित उजवीकडे कललेलं होतं. प्रत्यक्षात वारा फिरून पाठीमागून येऊ लागला होता. उजवीकडची चाकं धावपट्टीच्या ७७० मीटरवर टेकली. डावीकडची टेकायला आणखी ९ सेकंद गेले. तोवर १,५२५ मीटर संपले होते. धावपट्टी २,८०० मीटरची.

या नऊ सेकंदांत पायलटांनी ब्रेक दाबले, पण काही घडलं नाही. विमानाच्या संगणकाला आपण जमिनीवर आहोत हे पटतच नव्हतं. पंखांवरचे स्पॉइलर उघडायला एक तर दोन्ही बाजूंच्या पायांवर प्रत्येकी ६.३ टन भार हवा होता, किंवा चाकं ७२ नॉटपेक्षा जास्त वेगाने फिरायला हवी होती. डावा पाय हवेत, उजवं चाक पाण्यावर. दोन्ही अटी फसल्या. स्पॉइलर उघडल्याशिवाय पंख उचल देणं सोडत नाहीत, उचल सुटल्याशिवाय वजन चाकांवर येत नाही आणि वजनाशिवाय ब्रेक लागत नाहीत. डावं चाक टेकल्यावर स्पॉइलर उघडले, चाकांचे ब्रेक त्याच्याही चार सेकंदांनंतर धरले. विमान टोकापलीकडच्या बांधावर आदळलं. दोघे दगावले. ती अट मूर्खपणाची नव्हती, हवेत असताना चुकून रिव्हर्स किंवा स्पॉइलर उघडू नयेत म्हणूनच ती घातली होती. लँडिंगच्या तक्त्यात मात्र त्या नऊ सेकंदांसाठी रकाना नव्हता.

आपल्याकडची जखम अजून ओली आहे. ७ ऑगस्ट २०२० ची रात्र, कोळिकोड. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं ७३७. कॅप्टन दीपक साठे हे भारतीय हवाई दलातून आलेले, दांडग्या अनुभवाचे वैमानिक. पहिला प्रयत्न सोडून ते दुसऱ्या बाजूने, धावपट्टी १० वर आले. पाऊस चालू होता, कॅप्टनच्या बाजूचा वायपर साथ देत नव्हता आणि वारा पाठीमागून होता. टॉवरने सांगितलेला वारा ८ नॉटचा. तपास अहवालाप्रमाणे विमानाला प्रत्यक्षात सुमारे १४ नॉटपर्यंत मागचा वारा मिळत होता. विमान ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर ४,४३८ फुटांवर टेकलं, म्हणजे बरोबर मध्यावर. पुढे साधारण १,३५० मीटर उरले. वरच्या आपल्या ढोबळ हिशेबात मागच्या वाऱ्यासकट, चांगल्या ओल्या धावपट्टीवर, नुसतं धावण्यालाच १,४८२ मीटर लागत होते. धावपट्टी डोंगरमाथ्यावरची, विमान टोकावरून खाली गेलं. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. अहवालाने अस्थिर अ‍ॅप्रोच चालू ठेवणं, टचडाउन झोनच्या पलीकडे उतरणं आणि सहवैमानिकाच्या ‘गो-अराउंड’च्या सूचनेनंतरही न उठणं, हे संभाव्य कारण म्हणून नोंदवलं. ते बरोबरच आहे. पण त्या रात्रीच्या अंधारात, काचेतून धड दिसत नसताना, टेकण्याची जागा हुकतेय हे कॉकपिटमधून कसं दिसत असेल, याचा विचार केल्याशिवाय तो अहवाल वाचू नये असं मला वाटतं.

उशिरा टेकणं हा आकडा निदान पायलटच्या हातात असतो. पाणी नसतं. आणि इथेच सगळा हिशेब अडतो.

४ नोव्हेंबर २०२१ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची नवी पद्धत जगभर लागू झाली, भारतातही. धावपट्टीचे तीन तुकडे करायचे आणि प्रत्येकाला ० ते ६ मधला अंक द्यायचा. कोरडी असेल तर ६. ओली, म्हणजे पाणी ३ मिलिमीटरपर्यंत, तर ५. पाणी ३ मिलिमीटरच्या वर गेलं की थेट २. तीन मिलिमीटरच्या अलीकडे-पलीकडे ब्रेकिंग ‘चांगलं’वरून जवळजवळ ‘वाईट’पर्यंत घसरतं. पद्धत उत्तम आहे, निदान सगळे एकाच भाषेत बोलतात. प्रश्न असा, की जोराच्या सरीत हे तीन मिलिमीटर मोजायचे कुणी आणि कधी? मुंबईत तासाला चाळीसहून अधिक विमानं चढतात-उतरतात, आणि मुख्य धावपट्टी दुसरीला छेदते. तपासणीची गाडी आत जायला दोन विमानांमध्ये फट हवी. ती येऊन गेली, अंक कळवला, आणि दहा मिनिटांनी नवी सर आली. सांताक्रूझच्या वेधशाळेने २००५ च्या २६ जुलैला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला, ते मुंबईकर विसरणार नाहीत. पण विमानाच्या दृष्टीने दिवसभराच्या बेरजेपेक्षा शेवटच्या पाच मिनिटांतली सर महत्त्वाची असते.

धावपट्टी बांधणाऱ्यांचा सगळा खटाटोप पाणी उभं राहू नये यासाठीच असतो. मधोमध उंच, दोन्ही बाजूंना उतरती. उतार दीड टक्क्यापर्यंत, म्हणजे ६० मीटर रुंद धावपट्टीचा कडेचा भाग मध्यापेक्षा जास्तीत जास्त ४५ सेंटिमीटर खाली. डांबरात आडव्या खाचा कापतात. अमेरिकेतलं प्रमाण ६ मिलिमीटर रुंद, ६ खोल, दर ३८ मिलिमीटरला एक. टायरखालचं पाणी त्यातून निसटतं. पण जिथे विमानं टेकतात तिथे दर टेकण्याला थोडं रबर जळून चिकटतं, खाचा बुजत जातात आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. मग उच्च दाबाच्या पाण्याने ते रबर खरवडून काढावं लागतं. आडवा वारा जोराचा असला तर उताराने वाहून जाणारं पाणी एका बाजूला अडूनही राहतं. म्हणजे एकच धावपट्टी, एकच पाऊस, आणि पाण्याची खोली मात्र जागोजागी निराळी.

या सगळ्याचा परिणाम अमेरिकी प्रशासनाने २०१५ मध्ये स्पष्ट शब्दांत मान्य केला. ओल्या धावपट्टीवरून विमानं पुढे गेल्याच्या अनेक घटना तपासल्यावर दिसलं, की ब्रेकिंग गृहीत धरल्यापेक्षा कमी मिळालं होतं, आणि धावपट्टी खूप ओली पण तुंबलेली नसली तरीही काही वेळा थांबायला ३० ते ४० टक्के जास्त अंतर लागू शकतं. हातात ठेवलेले पंधरा, लागणारे तीस-चाळीस. २०१९ मध्ये हा इशारा नव्याने दिला गेला. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की जोराचा पाऊस चालू असेल तर अहवालात ५ लिहिलेलं असलं तरी पायलटने हिशेब खालच्या पायरीने करावा. त्याच वर्षी १ जुलैच्या रात्री मुंबईत जयपूरहून आलेलं एक ७३७ भर पावसात मुख्य धावपट्टीच्या टोकापलीकडे जाऊन चिखलात रुतलं. जीवितहानी झाली नाही. मुख्य धावपट्टी मात्र जवळपास चार दिवस बंद राहिली आणि शेकडो उड्डाणांचं वेळापत्रक कोलमडलं.

खालच्या पायरीने हिशेब करणं म्हणजे कधीकधी ‘उतरता येत नाही’ असं उत्तर स्वीकारणं. मग घिरट्या घालायच्या, सर ओसरायची वाट बघायची, इंधन त्या बेताला आलं की अहमदाबाद किंवा हैदराबाद गाठायचं. प्रवासी वैतागतात, समाजमाध्यमांवर कंपनीचा उद्धार होतो. पोचायला चार तास उशीर झालेल्या विमानातल्या किती जणांना कॉकपिटमध्ये कोणत्या अंकाने हा निर्णय घेतला ते ठाऊक असतं?

यंत्रांनी हा भार थोडा हलका केला आहे. एअरबसने २००९ मध्ये ए-३८० वर आणलेली, नंतर इतर विमानांत आलेली प्रणाली जमिनीजवळ येताना हा हिशेब सेकंदोसेकंद करत राहते. वेग, उंची, वारा, वजन आणि धावपट्टीची लांबी तिला माहीत असते. कोरड्या धावपट्टीवरही विमान थांबणार नाही असं दिसलं, तर ती कॉकपिटमध्ये मोठ्याने ‘रनवे टू शॉर्ट’ म्हणते. पण कोरड्यावर थांबेल आणि ओल्यावर नाही, अशी स्थिती असेल तर ती पायलटच्या पडद्यावर पिवळ्या अक्षरांत वेगळं वाक्य लिहिते: ‘इफ वेट, रनवे टू शॉर्ट’. ओली असेल तर. आहे की नाही, ते तिला ठाऊक नसतं. ते पायलटने काचेबाहेर बघून, शेवटच्या विमानाच्या पायलटने रेडिओवर काय सांगितलं ते आठवून, दोन-चार सेकंदांत ठरवायचं, आणि शंका असेल तर थ्रॉटल पुढे करून पुन्हा वर जायचं.